दुपाखी छपराचं घर

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्यासमोर हातात कागद न घेता उभं राहायची सवय मला शाळेतही नव्हती, आजही नाही. त्यामुळं टिपणं घेऊन आलोय.

संयोजकांनी सांगितलं, "तू आर्किटेक्ट आहेस, तर घरावर काहीतरी बोल." विषय मोठा आहे. पण तो लहान करायचं काम तुम्हीच सकाळी चहाच्या टेबलाजवळ केलंत. किमान सात-आठ जणांनी मला बाजूला घेऊन एकच गोष्ट विचारली. निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिली आहेत, कोल्हापूरच्या बाहेर चार-पाच गुंठे घेतलेले आहेत, पोरं पुण्यात किंवा त्याच्या पलीकडं, आणि आता दोघांपुरतं, आलं-गेलं तर चौघांपुरतं एक छोटं घर बांधायचंय. मग खिशातून मोबाईल निघतो. त्यात फोटो असतो. उतरतं छप्पर, समोर त्रिकोणी भिंत, काळ्या चौकटीच्या मोठ्या काचा. "असं होईल का रं?"

होईल की. पण तो फोटो बहुधा डेन्मार्कचा नाहीतर जपानचा असतो, आणि त्यात एक गोष्ट नसते, ती आपण आधी बघू.

त्या फोटोतल्या घराला वळचण नसते. छप्पर भिंतीच्या कडेला येऊन तिथंच संपतं, कागदाची घडी घातल्यासारखं. दिसायला देखणं दिसतं. पण तेच घर आपल्याकडं बांधलं तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात भिंती ओल्या, खिडक्यांतून पाणी, आणि दुसऱ्या वर्षी आतून बुरशी. आपल्या आजोबांच्या घराचा आकारही अगदी तोच होता. मध्ये आढं, दोन्हीकडं पाखी, दोन टोकांना त्रिकोणी भिंती. म्हणून त्याला दुपाखी म्हणायचं. पण त्या घराची पाखी भिंतीच्या पुढं दोन-तीन हात आलेली असायची. माझं सगळं म्हणणं एवढ्यात आहे. आकार कुठूनही घ्या, पण छप्पर काम कसं करतं ते आपल्या जुन्या घराकडून घ्या.

आता थोडा भूगोल. बाई समोर आहेत, चुकलो तर थांबवा. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कोल्हापूर शहरात हजारच्या आसपास. शिरोळला त्याच्याही निम्म्याच्या आसपास. हे सगळं एका जिल्ह्यात, जेमतेम शंभर किलोमीटरच्या पट्ट्यात. तुम्ही एसटीनं पश्चिमेकडून पूर्वेकडं गेलात तर जुन्या घरांची छपरं बघा. बावडा, राधानगरी, शाहूवाडीकडं उतार मोठा, वळचण खाली वाकून जावं लागेल एवढी खोल, आणि पावसाच्या तोंडावर भिंतीला गवताचा नाहीतर पाचटाचा आडोसा. शहराच्या जवळ आलं की उतार मध्यम होतो. पुढं सांगली-मिरज ओलांडून सोलापूरकडं गेलं की छप्पर सपाटच होतं, मातीचं माळवद येतं. कुणी नियम लिहून ठेवला नव्हता. पाऊस जसा कमी होत गेला तसं छप्पर सपाट होत गेलं.

म्हणजे प्रत्येकानं उतरतं छप्पर करावं असं मी म्हणत नाही. नदीच्या पूर्वेला कमी पावसात जागा असेल तर सपाट छपराचंही घर उत्तम होतं. पण पन्हाळ्याच्या, गारगोटीच्या, बावड्याच्या रस्त्याला जागा असेल तर दुपाखी छप्पर ही हौस नाही, गरज आहे.

आपल्याला मंगलोरी कौल फार जुनं आणि घरचं वाटतं. आपल्याकडं त्याआधी कुंभाराच्या हातची नळीची कौलं होती. एकात एक अडकणारं चपटं कौल फ्रान्सच्या अल्सास भागात गिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये काढलं, आणि बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगळूरला त्याचा कारखाना घातला. तिथून ते सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर आणि घाट चढून आपल्याकडं आलं. आपला टाउन हॉल मेजर चार्ल्स मँट यांनी १८७० च्या दशकात बांधला, तो तर गॉथिक. काळा दगड आपला, आकार विलायतेचा. त्यामुळं बाहेरचं घेतलं म्हणून कुणी संकोच करू नये. आपल्या हवेत टिकलं की ते आपलंच होतं.

आता कामाचं बोलू.

पहिली गोष्ट उतार. मंगलोरी कौलाला साधारण तीस अंशांचा उतार चांगला. गवंड्याला अंश सांगू नका, त्याला सांगा की सहा फूट आडवं गेलं की साडेतीन फूट चढलं पाहिजे. उतार यापेक्षा फार कमी केला तर वाऱ्याबरोबर येणारं पाणी कौलाच्या सांध्यातून वर सरकतं आणि आत येतं. लोक म्हणतात कौलं गळतात. बऱ्याचदा कौलं गळत नाहीत, उतार कमी असतो.

दुसरी गोष्ट वळचण. कमीत कमी तीन फूट. तिचं काम पावसापुरतं नाही. कोल्हापुरात डिसेंबरात दुपारी बाराला सूर्य दक्षिणेला पन्नास अंशांवर असतो. तीन फुटांच्या वळचणीची सावली तेव्हा भिंतीवर साडेतीन फूटच उतरते, म्हणजे खिडकीतून ऊन आत येतं, जे थंडीत हवंच असतं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य वर चढतो, तीच सावली जवळजवळ दहा फूट खाली येते, अख्खी भिंत सावलीत. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तर सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आपली सावलीसुद्धा पायाखाली जाते. पडदे नाहीत, यंत्र नाही, नुसत्या तीन फुटांवर हे होतं.

तिसरी गोष्ट गरम हवा. उन्हाळ्यात भिंतीपेक्षा छप्पर जास्त तापतं. पाच इंची काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री आपल्या अंगावर सोडतो. रात्री अकरा वाजता गच्चीखालच्या खोलीत झोपून बघितलेल्यांना हे सांगायला नको. कौल पातळ असतं, संध्याकाळी लवकर निवतं. पण दुपारी त्याची धग खाली येते हेही खरं. आपल्या घरांत त्यावर उपाय होता, तो म्हणजे माळा. फळ्यांचा माळा, वर कांदे, शेंगा, जुनी भांडी. आपल्याला वाटायचं ती अडगळीची जागा. खरं तर त्या अडगळीमुळं माजघर थंड राहायचं. आज माळा नको असेल तर कौलाखाली लाकडी किंवा बांबूच्या चटईचं छत करा, मध्ये चार-सहा इंच हवा खेळू द्या, आणि दोन्ही त्रिकोणी भिंतींत अगदी वर, आढ्याजवळ, जाळीचे झरोके ठेवा. गरम हवा आपणहून निघून जाते. फोटोतल्या घरात तिथं अखंड काच असते. आपण काच खाली घ्यायची आणि वर झरोका ठेवायचा.

चौथी गोष्ट पश्चिम. इथं खरा पेच आहे. सौर पॅनेल बसवायचे तर एक पाखं दक्षिणेला हवं, म्हणजे आढं पूर्व-पश्चिम जातं. मग एक त्रिकोणी भिंत बरोबर पश्चिमेला येते, आणि पावसाचा मारा तिकडूनच, दुपारचं ऊनही तिकडूनच. त्रिकोणी भिंतीला वरून वळचणीचं संरक्षण नसतं. म्हणून जुनी माणसं तिकडं पडवी काढायची, गोठा नाहीतर जळणाची खोली ठेवायची. आपणही तेच करायचं. पश्चिमेला पडवी, तिच्यामागं न्हाणीघर, कोठी, धुण्याची जागा. बसायची खोली आणि मोठी खिडकी पूर्वेला नाहीतर उत्तरेला. मावळतीचा देखावा बघायचाच असेल तर पडवीत खुर्ची टाकून बघा.

पाचवी गोष्ट वजन. स्लॅबचं वजन चौरस मीटरला तीनशे किलोच्या आसपास असतं. मंगलोरी कौलांचं चाळीस-पंचेचाळीस. लोखंडी सांगाडा धरला तरी स्लॅबच्या पाव भागात बसतं. खालच्या भिंती आणि पाया त्या मानानं हलके होतात, सिमेंट आणि सळई वाचते. आपण कोयनेच्या जवळ राहतो. ११ डिसेंबर १९६७ चा धक्का इथल्या थोरामोठ्यांना आठवत असेल. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत हजारो माणसं गेली, ती बरीचशी दगडमातीच्या जाड भिंती आणि डोक्यावरच्या मातीच्या जड छपराखाली. हलकं छप्पर हे त्या दृष्टीनंही बरं. मात्र एक अट आहे. भूकंपात सगळ्यात आधी पडते ती त्रिकोणी भिंत, कारण तिला वरून धरणारं काही नसतं. म्हणून वळचणीच्या पातळीला काँक्रीटचा पट्टा, आणि त्रिकोणाच्या दोन्ही उतरत्या कडांवरूनही पट्टा, असा सलग बांधून घ्यायचा आणि छपराचा सांगाडा त्याला बोल्टनं जखडायचा. हा खर्च थोडा आहे. इथं काटकसर करू नका. ठेकेदार म्हणेल, "एवढ्या छोट्या घराला कशाला?" तरी करून घ्या.

आता एक प्रत्यक्ष घर सांगतो. ते आपल्याच वर्गातल्या एकाचं आहे. नाव सांगायचं नाही असं ठरलंय, पण तो तिसऱ्या रांगेत बसून हसतोय, तेव्हा तुम्ही ओळखालच. पन्हाळा रस्त्याला पाच गुंठे जागा. त्यानंही असाच फोटो आणला होता. त्याची आई बरोबर होती, वय पंच्याऐंशी. फोटो बघून त्या म्हणाल्या, "पडवी कुठाय ह्याला? आणि पाऊस आला तर चपला कुठं काढायच्या?" मला वाटतं, पाच वर्षं कॉलेजात शिकून मी जो प्रश्न विचारायला पाहिजे होता तो त्यांनी आधी विचारला.

आम्ही एक मोठं छप्पर करण्याऐवजी दोन लहान दुपाखी घरं शेजारी शेजारी ठेवली. प्रत्येक सोळा फूट रुंद, अडतीस फूट लांब. सोळाच फूट का? तेवढ्या रुंदीवर मध्ये खांब लागत नाही, सांगाडा हलका होतो, आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून वारा आरपार जातो. छप्पर मोठं केलं की ते उंचही होतं आणि मधल्या खोल्या अंधाऱ्या राहतात.

दोन घरांच्या मध्ये बारा फुटांचा चौक. दोन्ही वळचणी जाऊन वर सहा फूट आभाळ उघडं राहतं. हे मुद्दाम केलं. दोन पाखी एकमेकांना भिडवली की मधल्या खाचेत पाणी, पाला, सगळं साचतं, आणि घर गळायला सुरुवात तिथूनच होते. ती खाच शक्यतो होऊच द्यायची नाही. चौक ठेवला की पागोळ्या चौकात पडतात, पाऊस बघायला मिळतो, आणि मधून उजेड येतो. एका टोकाला बुटक्या छपराचा बोळ दोन्ही घरांना जोडतो. उत्तरेच्या घरात सोपा, स्वयंपाकघर आणि जेवायची जागा. दक्षिणेच्या घरात दोन झोपायच्या खोल्या, पूर्वेची आईंची. त्यांच्या खोलीपासून न्हाणीपर्यंत एकही पायरी नाही, हे त्यांच्या मुलानं अगदी पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

भिंती विटांच्या, पण वीट आडवी न मांडता उभ्या कडेवर मांडून आत पोकळी ठेवलेल्या. केरळात काम केलेले लॉरी बेकर यांनी ही पद्धत आपल्या देशात लोकप्रिय केली. विटा साधारण एक चतुर्थांश कमी लागतात आणि आतल्या हवेमुळं ऊन आत उशिरा येतं. आपल्या गवंड्यांना पहिल्या दिवशी ते चमत्कारिक वाटलं. तिसऱ्या दिवशी त्यांचाच म्होरक्या बाकीच्यांना शिकवत होता.

छपराला लाकूड आणलं ते त्यांच्या गावच्या जुन्या घराचं. भावाभावांनी ते घर उतरवायचं ठरवलं होतं, आणि सगळं लाकूड भंगाराच्या भावानं जायला निघालं होतं. आम्ही जाऊन एकेक वासा ठोकून बघितला. वाळवी लागलेला बाजूला काढला, चांगला ठेवला. सागवानाच्या तुळया, किंजळाचे वासे. आजच्या बाजारात तसलं लाकूड मागायला गेलं तर छाती होत नाही. उत्तरेचं छप्पर त्या लाकडाचं झालं, दक्षिणेचं उद्यमनगरात बनवून घेतलेल्या लोखंडी कैच्यांचं. जुनी कौलं पाण्यात भिजवून, टिचकी मारून, खणखणीत वाजली ती घेतली.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. शंभर चौरस मीटर छपरावर एक मीटर पाऊस पडला की एक लाख लिटर पाणी होतं. वाया जाणारं सोडून ऐंशी हजार धरा. माणशी रोज १३५ लिटर हे सरकारी प्रमाण धरलं तर चौघांच्या घराला ते जवळजवळ पाच महिने पुरावं. एवढं साठवायला टाकी परवडत नाही, ते मान्य. म्हणून दहा हजार लिटरची टाकी, आणि जास्तीचं पाणी गाळून बोअरच्या शेजारच्या शोषखड्ड्यात. पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी छपराची धूळ घेऊन येतं, ते बाहेर सोडून द्यायचं. उतरत्या छपराचा फायदा हा, की ते स्वतःला धुऊन घेतं. गच्चीसारखं डबकं साचत नाही.

विजेचं म्हणाल तर तीन किलोवॉटचे पॅनेल दक्षिणेच्या पाख्यावर बसतात. दिवसाला सरासरी बारा युनिटच्या आसपास वीज मिळते. २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान आहे. पॅनेलचे हुक कौलाला नव्हे, खालच्या सांगाड्याला जखडायचे. आणि घर बांधतानाच ते करायचं, नंतर कौलं काढून नव्हे.

आता तुमच्या मनातल्या शंका. पहिली, वानरं. शहराबाहेर वानरं येतात, कौलं फोडतात, खरं आहे. म्हणून कौलाखाली रिपांवर पाणी न झिरपणारी एक चादर अंथरून घेतो. कौल फुटलं तरी पाणी आत येत नाही, आणि घाईनं शिडी लावायची वेळ येत नाही. शंभरेक कौलं मात्र मागं रचून ठेवायची. दुसरी, शाकारणी. होय, दरवर्षी मे महिन्यात एक दिवस माणूस चढवून कौलं बघावी लागतात. गच्चीवर दर पाच-सात वर्षांनी डांबर, रसायनं, फरशा करत बसता, त्यापेक्षा हा एक दिवस परवडतो. अडचण वेगळीच आहे. शाकारणी येणारा माणूस आता मिळत नाही. गावोगावी त्या वयाची दोन-चारच माणसं उरली आहेत, आणि त्यांची पोरं शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आहेत. पोरांनी तिथं जाऊ नये असं मी कसं म्हणू? पण काम मिळत राहिलं तरच कुणीतरी ते शिकेल.

तिसरी शंका, "मग सरळ उतरता स्लॅब टाकून वर कौलं चिकटवली तर?" बरेच बंगले तसे आहेत. ते वाईट नाहीत. पण स्लॅबचं वजन आहे तेच राहतं, ऊन पिणं राहतं, आणि कौल नुसतं दागिन्यासारखं वर राहतं. खर्च दोन्हीचा, फायदा एकाचा.

आणि एक गोष्ट, जी छपरानं सुटत नाही. जागा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ मध्ये ५६ च्या. इथं बसलेल्यांपैकी काहींच्या घरात ते शिरलं होतं, काही जण दुसऱ्यांना नावेतून काढत होते. पाटबंधारे खात्याची निळी आणि लाल पूररेषा असते. निळी साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. जागेचा सौदा करताना सातबारा बघता, तसा त्या रेषांचा नकाशाही बघा. जागा रेषेच्या आत असेल तर कितीही पर्यावरणपूरक घर बांधा, ते चुकीच्या जागीच उभं राहील. मी अशा जागेचं काम घेत नाही, मित्राचं असलं तरी.

शेवटी एक विनंती आहे, आणि ती नवीन घराबद्दल नाही. तुमच्यापैकी निम्म्यांचं तरी गावाकडं जुनं कौलारू घर आहे. बंद आहे, वाटणीत अडकलंय, एक बाजू खचलीय. येत्या चार-पाच वर्षांत त्यातली बरीच उतरतील. ते थांबवा असं मी म्हणणार नाही, प्रत्येकाच्या अडचणी असतात. पण उतरवण्याआधी तीन कामं करा. घराचं माप घेऊन कागदावर एक साधा नकाशा काढा. लाकूड आणि कौलं मोजा, भंगारवाल्याला हाक मारायच्या आधी. आणि घरात जे सगळ्यात वयस्कर माणूस असेल त्याला घेऊन तिथं जा आणि विचारा, ही खिडकी इथं का ठेवली होती, पाणी कुठून यायचं, उन्हाळ्यात कुठं झोपायचात. ही माहिती कुठल्याही पुस्तकात नाही, आणि ती देणारी माणसं फार दिवस नाहीत.

नकाशा मला पाठवा. शुल्क नाही, एक कप चहा पुरे. दोन-चार वर्षांत पन्नास घरांचे नकाशे जमले तरी आपल्याच शाळेच्या वाचनालयात त्यांची एक फाईल ठेवता येईल, आणि पुढं कुणाला या भागात घर बांधायचं असेल तर मोबाईलवरच्या फोटोबरोबर बघायला तीही असेल.

सर, वीस मिनिटांच्या वर गेलो. घंटा दिली नाहीत, आभारी आहे. जेवण वाढलंय असा निरोप आलाय, त्यामुळं प्रश्न पंगतीत.